उद्या केमिस्ट्री: अल्फा कार्बन हुकू नये म्हणून

उद्या बारावीचा केमिस्ट्रीचा पेपर, तेव्हा आता नवीन धडा उघडू नका. अल्फा-बीटा कार्बन मात्र पक्के करून घ्या: फंक्शनल ग्रुपला, म्हणजे रेणूची रासायनिक वागणूक ठरवणाऱ्या अणुगटाला, लगतचा कार्बन अल्फा आणि त्याच्या पुढचा बीटा. महाल भागातल्या माझ्या शिकवणीत हुशार पोरांचेही मार्क दरवर्षी इथेच जातात, आणि मला त्याची फार हळहळ वाटते.

पेन्सिल, खोडरबर आणि कोरे कागद घेऊन बसा. छापलेली रचना नुसती वाचून डोक्यात बसत नाही, हाताने काढावी लागते, तीही सगळे हायड्रोजन दाखवून. मग फंक्शनल ग्रुपभोवती गोल करा आणि गोलात कार्बन आला का ते बघा. आल्डिहाइड, कीटोन, कार्बोक्सिलिक ॲसिडमध्ये कार्बोनिलचा (ऑक्सिजनला दुहेरी बंधाने जोडलेला) कार्बन गोलातच असतो, म्हणून तो अल्फा नाही. त्याच्या लगतचा अल्फा. ब्रोमीन किंवा ओएचच्या गोलात कार्बनच नसतो, तिथे ज्या कार्बनला गट लागलाय तोच अल्फा.

आता घरातलं संत्रं सोला. बोटांना जो वास लागतो, त्यात थोडं ऑक्टेनाल असतं: आठ कार्बनची सरळ साखळी, टोकाला सीएचओ. ती काढा. सीएचओच्या कार्बनला १ नंबर, अल्फा २ नंबरचा, त्यावर दोन हायड्रोजन, आणि ३ नंबरचा बीटा. नावातला १ नंबर म्हणजे अल्फा, ही समजूत इथेच खोडून टाका.

कीटोनला दोन्ही बाजू असतात हे विसरू नका. ब्युटेन-२-ओनमध्ये १ आणि ३ दोन्ही अल्फा, ४ बीटा.

अल्फा सापडला की त्यावरचे हायड्रोजन मोजा, कारण प्रश्न खरा त्यांचाच असतो. इथेनालमध्ये तीन आहेत, ते आल्डोल देतं, म्हणजे त्याचे दोन रेणू अल्फा कार्बनमधून एकमेकांना जोडले जातात. बेंझाल्डिहाइडमध्ये कार्बोनिलला लागलेल्या रिंगच्या कार्बनवर एकही नाही. २,२-डायमिथिलप्रोपेनालमध्ये अल्फा कार्बन आहे, पण त्यावर तीन मिथिल आणि सीएचओ, हायड्रोजनला जागाच उरत नाही. दोन्ही तीव्र अल्कलीत कॅनिझारो अभिक्रियेकडे जातात, म्हणजे एका रेणूचं अल्कोहोल होतं आणि दुसऱ्याचा ॲसिडचा क्षार.

शेवटी २-ब्रोमोब्युटेन. अल्फा २ नंबरचा, बीटा १ आणि ३. अल्कोहोलिक पोटॅश (अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड) बीटावरचा हायड्रोजन काढतो, मुख्यतः ३ नंबरवरचा, म्हणून ब्युट-२-ईन जास्त मिळतं.

या सहाही रचना पुस्तक मिटून एकदा काढा. जी अडेल तीच परत काढा, मग हॉल तिकीट आणि पाण्याची बाटली दप्तरात टाकून झोपा.