‘ऑथेल्लो’मधल्या तिघी : पहिल्यांदा पेपर लिहिणाऱ्यांसाठी

एम.ए.च्या पहिल्या वर्षी शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’ नाटकातल्या स्त्रियांवर मी लिहिलेलं ट्युटोरियल अजून फाईलला आहे. ऑथेल्लोची बायको डेस्डेमोना सोशिक, तिच्या दिमतीला असलेली इयागोची बायको एमिलिया व्यवहारी, कॅसिओची मैत्रीण बियांका चवचाल. तीन परिच्छेद, तीन विशेषणं. सगळं गाईडमधलंच, फक्त अक्षर माझं. बाईंनी मार्क दिले नाहीत. समासात लाल पेनाने एवढंच लिहिलं, ‘हे कोण म्हणतं?’

प्रश्न डोक्यात शिरायला मला आठवडा लागला. बियांका चवचाल, हे कोण म्हणतं? ऑथेल्लोच्या हाताखालचा कपटी इयागो म्हणतो, तिचा प्रियकर कॅसिओ तिच्या पाठीमागे हसून म्हणतो. १६२३च्या फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या पहिल्या संग्रहात, नाटकाला जोडलेल्या पात्रयादीत तर तिच्या नावापुढे ‘गणिका’ असं छापलेलंच आहे. ती स्वतः मात्र एमिलियाला तोंडावर सांगते की मी तसली नाही, तुझ्याइतकीच अब्रूने राहते. हे वाक्य मी वाचलंच नव्हतं. डेस्डेमोनाचंही तेच. घरातून निघून जाऊन लग्न केलेली ही मुलगी भर रात्री व्हेनिसच्या सिनेटपुढे उभी राहते, बापासमोर नवऱ्याची बाजू घेते आणि मोहिमेवर निघालेल्या नवऱ्यासोबत मलाही सायप्रसला जायचंय म्हणून मागणी करते. हिला ‘सोशिक’ म्हणायचं तर पहिला अंक फाडूनच टाकावा लागेल.

आता पुस्तकाची गोष्ट. पैसे वाचवायला मी रद्दीवाल्याकडून जुनी शालेय आवृत्ती आणली होती. वर्गात चौथा अंक चालू असताना बाई वाचत होत्या त्या ओळी माझ्या पुस्तकात नव्हत्याच. मुलांच्या हाती नको म्हणून कुणीतरी गाळलेल्या. म्हणून सांगते, आर्डनसारखी टिपांसकट आवृत्ती ग्रंथालयातून घ्या. फोल्जर ग्रंथालयाचा पाठ तर इंटरनेटवर फुकट मिळतो.

कारण गाळलेल्या त्या ओळींतल्या शिवीतच माझा पुढचा सगळा पेपर होता. आपल्याकडे बाईला ‘छिनाल’ म्हणतात, त्या जातीची शिवी; मूळ इंग्रजीत कधी ‘व्होर’, कधी ‘स्ट्रम्पेट’. ऑथेल्लो ती डेस्डेमोनाला देतो. बियांकाला इयागो देतो आणि पाठोपाठ एमिलियाही. शेवटी एमिलिया खरं बोलू लागते तेव्हा इयागो तसलीच शिवी तिलाही हासडतो. सिनेटरची मुलगी, सैनिकाची बायको आणि गणिका म्हणवली जाणारी बाई, तिघींना एकाच जातीची शिवी पुरते. पेन्सिल घेऊन ते शब्द जिथे जिथे येतात तिथे खूण करा आणि शेजारी लिहा : कोण, कुणाला, कधी. डेस्डेमोना तर म्हणते की ‘व्होर’ हा शब्द मला उच्चारवतसुद्धा नाही, हेही टिपा.

वेळ कमी असेल तर बाकी राहू द्या, पण चौथ्या अंकाचा तिसरा प्रवेश तीनदा वाचा. नवऱ्याने चारचौघांत थोबाडीत मारलेली बाई झोपायची तयारी करतेय, एमिलिया तिच्या कपड्यांच्या टाचण्या काढतेय. डेस्डेमोनाला आईच्या दासीचं, बार्बरीचं, गाणं आठवतं. गाता गाता ‘त्याला कुणी दोष देऊ नका’ अशी ओळ तोंडी येते आणि ती थांबते : नाही, ही ओळ आत्ता नाही. कोण ठोठावतंय, म्हणून दचकते. वारा असतो. पुढच्या अंकात ऑथेल्लोच्या हातून मरताना, तुला कुणी मारलं या प्रश्नावर ती म्हणते, कुणी नाही, मीच. गाण्यात चुकून आलेली ओळ ती अशी खरी करते.

याच प्रवेशात एमिलिया म्हणते की नवऱ्यांना कळू दे, बायकांनाही दिसतं, वास येतो, गोड-आंबट कळतं. गंमत अशी की १६२२च्या क्वार्टोत, म्हणजे या नाटकाच्या सुट्या छापील आवृत्तीत, ना ते गाणं आहे, ना हे बोलणं. दोन्ही पुढच्या वर्षीच्या फोलिओत सापडतात. तेव्हा बायकांची कामं मुलगे करत; गाऊ शकणारा मुलगा हाताशी नसावा, असा एक तर्क आहे. बालगंधर्वांचा महाराष्ट्र आहे आपला, स्त्रीपार्टी नटाचा गळा बसला की काय होतं हे आपल्याला कुणी समजावायला नको. १६१० साली ऑक्सफर्डच्या प्रयोगात मेलेल्या डेस्डेमोनाचा नुसता चेहरा पाहून प्रेक्षक हळहळले, असं एकाने लॅटिन पत्रात लिहून ठेवलंय. तो चेहराही एका मुलाचाच.

एमिलियाला मात्र डोक्यावर घेऊ नका. मी घेतलं होतं. ज्यावरून पुढे डेस्डेमोनावर व्यभिचाराचा आळ येतो, तो तिचा पडलेला रुमाल उचलून नवऱ्याला देणारी तीच, आणि डेस्डेमोना ‘कुठे पडला गं’ विचारते तेव्हा ‘माहीत नाही’ म्हणणारीही तीच. हे लिहिलं नाहीत तर शेवटी ‘घरी जा’ या नवऱ्याच्या हुकमाला तिने दिलेल्या नकाराची किंमत कळणार नाही.

तोंडी परीक्षेत मला डेस्डेमोनाचं कुणी काही विचारलंच नाही. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चष्मा काढला आणि म्हणाले, ‘तिघींपैकी दोघी मरतात. तिसरीचं काय होतं?’ मी म्हटलं, ‘सर, पाचव्या अंकाच्या पहिल्या प्रवेशात कॅसिओवरच्या हल्ल्याचा आळ घालून तिला नेतात. नंतर तिचं नावही कुणी काढत नाही.’ त्यांनी पुस्तक उघडलं आणि शेवटची पानं चाळत राहिले.