लॅपटॉप नंतर, आधी मल्टिमीटर
चाकण-रांजणगावच्या कारखान्यांत रिमोट मॉनिटरिंगचं काम मिळालं, की बहुतेक वेळा समोर हेच येतं: एनर्जी मीटर नाहीतर फ्लो मीटर आरएस-४८५ (ए आणि बी अशा दोन वायरींची डेटा लाइन) वरून गेटवेला, म्हणजे मीटरचे आकडे वाचून नेटवर्कवर पाठवणाऱ्या डब्याला, जोडायचे आणि आकडे सर्व्हरवर पोचवायचे. या लाइनवर मीटर आणि गेटवे ज्या भाषेत बोलतात ती मॉडबस, १९७९ ची, पण अजून तिचंच राज्य आहे. डिप्लोमा करून आलेली पोरं साइटवर गेल्या गेल्या लॅपटॉप उघडून बॉडरेट (डेटा पाठवायचा वेग) बदलत बसतात. तसं करू नका.

पॅनेलची सप्लाय बंद करा आणि ए-बी टर्मिनलमध्ये रेझिस्टन्स मोजा. लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर असतील तर साधारण ६० दिसतो. १२० दिसला, तर एका टोकाचा रेझिस्टर राहिलाय किंवा मध्ये वायर तुटलीय. ४० आला, तर मधल्याच कुठल्यातरी मीटरचा डिप स्विच (आतला १२० ओहमचा रेझिस्टर जोडणारा छोटा स्विच) चालू आहे. केबल एका मीटरमधून पुढच्या मीटरला अशी ओळीने जायला हवी. इलेक्ट्रिशियनला मात्र जंक्शन बॉक्समधून चार फाटे काढायची भारी हौस! शील्ड एकाच टोकाला अर्थ करा आणि व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) पॉवर केबलपासून ही केबल लांब ठेवा. काही कंपन्या ए-बी उलटे छापतात. उत्तरच येत नसेल तर वायरी अदलाबदल करून बघा, त्याने काही जळत नाही.

मग एकेकच मीटर जोडा. नवे मीटर बहुधा सगळे स्लेव्ह आयडी (लाइनवरचा मीटरचा नंबर) १ वरच येतात. एकदम जोडले तर सगळे एकाच वेळी उत्तर देतात आणि सीआरसी एरर (मेसेज बिघडल्याची खूण) येते. पॅरिटी आणि स्टॉप बिट या सेटिंग मीटर आणि गेटवे दोन्हीकडे सारख्या हव्यात.

एरर नीट वाचा. टाइमआउट आला तर वायर, आयडी, बॉडरेट तपासा. एक्सेप्शन ०२ आला तर खुश व्हा: मीटर बोलतोय, तुम्ही रजिस्टर (मीटरमधला आकडा ठेवायचा कप्पा) चुकीचं मागताय. मॅन्युअलमधलं ४०००१ बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये ० असतं. फ्लोट व्हॅल्यूची (दोन रजिस्टरांत मिळून ठेवलेल्या दशांश आकड्याची) तऱ्हा आणखी वेगळी. दोन रजिस्टरांत १७२५४ आणि ० दिसले, तर ते २३० व्होल्ट आहेत. दोन रजिस्टरांचा क्रम उलटा लावलात तर स्क्रीनवर शून्य दिसेल आणि तुम्ही मीटरला दोष द्याल.

निघण्याआधी गेटवे एकदा बंद करून चालू करा. काही गेटवेत सेटिंग सेव्ह करायचं बटण वेगळं असतं.