पेड्स पल्मो करायचंय? मग सीटच्या आधी युनिट बघा

एमडी पेड्सचं थर्ड इयर आलं की कुणी ना कुणी ज्युनिअर हमखास विचारतं, मॅडम, लहान मुलांच्या छातीचं स्पेशलायझेशन करायचंय, कसं करू? तर एकदाच लिहून टाकते.

रस्ते मोजकेच आहेत. एमबीबीएसनंतर 3 वर्षं एमडी किंवा डीएनबी पीडियाट्रिक्स, ते झाल्याशिवाय पुढचं काही नाही (मोठ्यांच्या चेस्टमध्ये एमडी करून इकडे वळता येईल असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं नाहीये). मग डीएम पीडियाट्रिक पल्मोनॉलॉजी, म्हणजे त्यातली सुपरस्पेशालिटी डिग्री, अजून 3 वर्षं. दिल्लीचं एम्स, चंदीगडचं पीजीआय यांच्यासाठी आयएनआय-एसएस ही प्रवेश परीक्षा द्यायची, ती वर्षातून दोनदा असते. सीट्स इतक्या कमी की हुशार पोरंही बाहेर राहतात, त्यात रडण्यासारखं काही नाही. दुसरा रस्ता फेलोशिपचा, साधारण वर्षभराची. पाटीवर डीएम लिहिता येत नाही, पण काम शिकता येतं, मी स्वतः फेलोशिपवालीच. यूकेला जायचं असेल तर एमआरसीपीसीएच ही तिथली पेड्सची परीक्षा, तिथलं पेड्स ट्रेनिंग आणि मग सब-स्पेशालिटी ट्रेनिंगच्या जागेसाठी स्पर्धा (पूर्वी याला ग्रिड म्हणायचे), तो वेगळाच संसार आहे.

आता खरं सांगायचं ते. सीट मिळतेय म्हणून डोळे झाकून घेऊ नका, आधी दोन दिवस त्या युनिटमध्ये जाऊन नुसतं बसा. मी जिथे गेले तिथे पहिले 4 महिने ब्राँकोस्कोप (श्वासनलिकेत घालायची दुर्बीण) फक्त धुतला, हातात दिला नाही कुणी (स्कोपला कुठे गळती नाही ना बघणारी लीक टेस्ट मात्र झोपेत करेन आता). म्हणून तिथल्या फेलोला चहाला बाहेर काढा आणि विचारा, महिन्याला स्कोप किती होतात आणि त्यातले तुझ्या हातून किती, स्वेट टेस्ट (घामातलं क्लोराइड मोजायची) इथेच होते की पेशंट बाहेर पाठवता, स्लीप स्टडी आहे का, घरी ऑक्सिजनवर असलेल्या मुलांची ओपीडी कोण बघतं. बॉसला विचारलंत तर सगळं आहे असंच उत्तर येणार.

स्वेट टेस्टवर मी का अडून बसते? कारण सिस्टिक फायब्रोसिसचं (हा फुफ्फुसं आणि पचन बिघडवणारा आनुवंशिक आजार) मूल आपल्याकडे आधी कुपोषण म्हणून, मग टीबी म्हणून फिरून फिरून येतं, आणि आई कधीतरी सहज म्हणते, पापा घेतला की खारट लागतो हो. घामातलं क्लोराइड लिटरला 60 मिलिमोल किंवा वर आलं की निदानाकडे जातं, 30 ते 59 मध्ये अडकलं की पुन्हा टेस्ट आणि जीन्सची तपासणी. पण गॉजवर 30 मिनिटांत निदान 75 मिलिग्रॅम घाम जमला नाही तर तो आकडा धरायचाच नाही, आणि छोट्या बाळांत नेमका तिथेच घोळ होतो. हे पुस्तकात वाचून येत नाही, दहा बाळांच्या हाताला पट्टी बांधली की येतं.

सीट मिळेपर्यंत वॉर्डातच सुरुवात करा. बाळ शांत असताना श्वास पूर्ण 1 मिनिट मोजा, 15 सेकंद मोजून गुणिले चार नको. 2 महिन्यांच्या आत 60, वर्षाच्या आत 50, पुढे 5 वर्षांपर्यंत 40, याला टेकला किंवा वर गेला की फास्ट ब्रीदिंग. स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकायला लावून फुफ्फुसं तपासायची टेस्ट, साधारण 5-6 वर्षांपासून जमते, तंत्रज्ञ ताईंच्या शेजारी बसून शिका. स्क्रीनवरची मेणबत्ती दाखवली की मूल जोरात फू करतं आणि लगेच थांबतं, मग एफव्हीसी (पूर्ण श्वास घेऊन जोरात बाहेर टाकलेली एकूण हवा) अर्धवटच येतो, त्यामुळे शेवटपर्यंत फुंकायला लावणारा गेम लावा आणि तुम्हीही सोबत 'अजून अजून अजून' ओरडा, लाजू नका.

आणि हिस्ट्री घेताना शेंगदाण्याचं विचारायचंच. कालपर्यंत चांगलं असलेलं दीड वर्षाचं पोर, अचानक ठसका, छातीत एकाच बाजूला व्हीझ (शिट्टीसारखा आवाज) किंवा हवा कमी, एक्सरे नॉर्मल, आणि बाहेर कुणीतरी नेब्युलायझेशन देत बसलेलं असतं. एक्सरे नॉर्मल म्हणून सोडू नका, श्वासनलिकेत अडकलेला शेंगदाणा एक्सरेत दिसतच नाही. 'काही गिळलं का' विचारलं तर घरचे नाही म्हणतात, 'खाताना ठसका लागला होता का' विचारलं की आजी बोलायला लागते.

लॉगबुक (केलेल्या कामाची नोंदवही) त्याच रात्री भरा. मी महिनाअखेरीला भरायचे, आणि परीक्षेच्या वेळी निम्मे स्कोप आठवेनात.