वडिलांच्या पश्चात कागदपत्रं हाताळताय? या चुका टाळा

दिवसकार्य उरकलं की घरातला एकजण आपोआप कागदांचा धनी होतो. मृत्युपत्रात व्यवस्थापक म्हणून त्याचं नाव असतं, नाहीतर तो थोरला असतो, नाहीतर त्याच्याकडे गाडी असते. हेलपाटे तोच घालतो, म्हणून हळूहळू मालकही आपणच, असं त्याला वाटायला लागतं. पुढची भाऊबंदकी बहुतेक वेळा इथूनच सुरू होते.

एटीएम कार्ड ठेवून द्या

पिन सगळ्यांना पाठ आणि दवाखान्याचं बिल थकलेलं, म्हणून वडिलांच्या खात्यातून पैसे काढले जातात. खातेदार गेल्यावर ते कार्ड वापरायचा अधिकार कुणालाच नाही. तूर्त स्वतःच्या खिशातून भागवा आणि पावत्या जपा. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ प्रमाणे अंत्यविधीचा आणि शेवटच्या आजारपणाचा वाजवी खर्च बाकी सगळ्या देण्यांच्या आधी मिळकतीतून वळता होतो.

आधी देणी, मग वाटप

आपल्याकडे उलटं चालतं. दागिने आणि ठेवी महिन्याभरात वाटून होतात, आणि मार्चमध्ये विकास सोसायटीची, म्हणजे पीककर्ज देणाऱ्या गावच्या सहकारी संस्थेची, नोटीस येते. वारसाची जबाबदारी हाती आलेल्या मिळकतीपुरतीच असते हे खरं. पण त्या मिळकतीचं काय केलं, याचा हिशेब तुम्हालाच द्यावा लागतो. सातबारावरचा बोजा, ट्रॅक्टरचं कर्ज, खतवाल्याची उधारी, सगळं एका वहीत आधी उतरवून काढा.

येणंही लिहा. तासगावच्या कोल्ड स्टोरेजमध्ये वडिलांच्या नावावर बेदाणा पडून असेल तर भाडं चढत राहतं. पावती काढून बघा, त्या मालावर तारण कर्ज उचललंय का. मग सगळ्या वारसांची लेखी संमती घेऊन सौद्यात माल काढा, पट्टी (विक्रीच्या हिशेबाची पावती) वहीला लावा आणि पैसे वेगळ्या खात्यात ठेवा. उभ्या उसाचंही तसंच. कारखान्याच्या शेतकी खात्याला वेळेवर कळवलं नाही, तर बिल वडिलांच्या बंद खात्याकडे जाऊन अडकतं.

वारस नोंदीत आजी राहून जाते

तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज तीन महिन्यांत करायचा. लग्न झालेल्या बहिणींची नावं 'मागनं घालू' म्हणून ठेवू नका. वर्दीत, म्हणजे तलाठ्याला दिलेल्या माहितीत, वारस लपवणं महागात पडतं. आणि वडिलांची आई हयात असेल तर हिंदू उत्तराधिकार कायद्याने तीही बायको-मुलांबरोबरची पहिल्या वर्गातली वारस आहे. (आजोबा त्या वर्गात नाहीत, हे ऐकून पुष्कळांना धक्का बसतो.) तिचं नाव गाळलं आणि ती मृत्युपत्र न करता गेली, तर तिच्या हिश्शाला चुलते आणि आत्याही वारस लागतात. मग प्रकरण एका घरापुरतं राहत नाही. बहिणीला किंवा आजीला हक्क सोडायचाच असेल तर दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं हक्कसोडपत्र लागतं. जमिनीला साध्या स्टँपवरची किंवा नोटरीची सही पुरत नाही.

बँक 'वारस दाखला आणा' म्हणते तेव्हा

लगेच कोर्टात पळू नका. नॉमिनी असेल तर बँक त्याला पैसे देते, पण तेवढ्याने तो मालक होत नाही. बाकी वारसांचा हक्क शाबूत राहतो. नॉमिनी नाही, मृत्युपत्र नाही आणि वादही नाही, अशा वेळी रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांनुसार सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत आणि इतर बँकांत १५ लाखांपर्यंतचा दावा हमीपत्रावर मिटायला हवा. पतसंस्थांना हे निर्देश लागू नाहीत, तिथे त्यांचे पोटनियम बघा. रक्कम मोठी असेल तर ठेवी-शेअर्ससाठी दिवाणी न्यायालयातून सक्सेशन सर्टिफिकेट (उत्तराधिकार प्रमाणपत्र) काढावं लागू शकतं.

भाऊ सहीच करत नसेल तर

वारस नोंद त्याच्यासाठी अडवून ठेवू नका. त्याच्यासह सगळ्यांची नावं लावून घ्या. वाटणी हा पुढचा, वेगळा विषय आहे: संमती झाली तर शेतजमिनीसाठी तहसीलदारांकडे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली अर्ज, नाहीतर दिवाणी दावा.