पीसी लागतो आणि लगेच बंद पडतो? आधी सेकंद मोजा

बटण दाबलं, पंखा फिरला, पीसी बंद. लगेच नवा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) आणायला नागपूरच्या सीताबर्डी बाजारात धावू नका. आधी तो किती वेळ टिकतो ते बघा.

साधारण 4 सेकंदांनी बंद होत असेल तर संशय पॉवर बटणावर. बटण तेवढा वेळ दाबून धरलं की पीसी सक्तीने बंद होतो, आणि आत अडकून बसलेलं बटणही नेमकं तेच करतं. प्लग काढा, मदरबोर्डवरचा (पीसीतल्या मुख्य सर्किट बोर्डवरचा) पॉवर स्विचचा दोन तारांचा कनेक्टर उपसा, परत प्लग लावून त्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा. पीसी चालू राहिला, तर दोष बटणाचाच.

अर्धा-एक मिनिट टिकतो? मग बहुधा प्रोसेसर तापतोय. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 अंशांवर, त्यात पीसीचं कॅबिनेट खोलीतल्या कूलरच्या झोतात. दमट धूळ हीटसिंकमध्ये (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या पात्यांमध्ये) लिंपल्यासारखी बसते. ब्रशने काढा, प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली थर्मल पेस्ट नवी लावा, हीटसिंक हलत नाही ना बघा.

क्षणात बंद होत असेल तर शॉर्ट शोधा. यूएसबीची वाकलेली पिनही पुरते. एसएमपीएस मात्र घरी उघडू नका, प्लग काढल्यावरही त्याच्या वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये जबर झटका देण्याइतका चार्ज राहतो.