मुलासोबत खेळायला कन्सोल घ्यायचाय? आधी हे बघा, मग मशीन ठरवा

दिवाळी जवळ आली की आणि एप्रिलमध्ये परीक्षा संपल्या की ओळखीतले लोक हमखास विचारतात, मुलासाठी कुठला कन्सोल (टीव्हीला लावून गेम खेळायचं मशीन) घेऊ, पीएस५ म्हणजे सोनीचं प्लेस्टेशन ५ बरं की निन्टेन्डो? मी आधी एवढंच विचारते की तुम्ही स्वतः बाजूला बसून खेळणार आहात का. कारण नुसतं मुलाला खेळायला द्यायचं असेल तर निवड वेगळी आणि आई-बाबा नि मूल मिळून खेळणार असाल तर पूर्ण वेगळी, आणि माझं स्पष्ट मत आहे की दहा वर्षांखालचं मूल असेल तर मिळून खेळण्याच्याच हिशोबाने घ्या. ग्राफिक्स, टेराफ्लॉप्स, फोर-के वगैरे त्या वयात मुलांच्या खिजगणतीत नसतं, आई शेजारी बसून खेळतेय हे मात्र बरोब्बर असतं.

तर सगळ्यात आधी बघायचं ते एकाच टीव्हीसमोर दोघांना खेळता येतील असे गेम्स त्या कन्सोलवर किती आणि कसे आहेत. लोक इथेच गंडतात, कारण गेमवर मल्टिप्लेयर लिहिलेलं असतं पण ते ऑनलाइनवालं असतं, म्हणजे दोन घरं, दोन कन्सोल, दोन टीव्ही. गेमच्या पानावर लोकल प्लेयर्स आणि ऑनलाइन प्लेयर्स हे आकडे वेगवेगळे दिलेले असतात, तुम्हाला लोकलचा आकडा दोन किंवा जास्त हवा. आणि हे पक्कं लक्षात ठेवा की एका सोफ्यावर बसून खेळायला प्लेस्टेशन प्लस वगैरे कुठलंही महिन्याचं सबस्क्रिप्शन लागत नाही, ते ऑनलाइन खेळण्यासाठी असतं. दुकानदार सोबत गळ्यात मारायला बघतात, नाही म्हणा.

आता एक गोष्ट जी बहुतेक रिव्ह्यूमध्ये येत नाही आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आजच्या बऱ्याच गेम्समध्ये कंट्रोलरवरच्या डाव्या काडीने (अंगठ्याने ढकलायची ती छोटी स्टिक) चालायचं आणि उजव्या काडीने कॅमेरा फिरवायचा असतो. सहा-सात वर्षांच्या मुलाला नवीन कंट्रोलर देऊन नीट बघा, ते डावी काडी एकदम पुढे दाबून धरतं, उजव्या अंगठ्याचा पत्ताच नसतो, मग पात्र भिंतीला नाक लावून चालत राहतं आणि पोरगं ‘आई हे चालतच नाहीये’ म्हणून कंट्रोलर तुमच्या मांडीवर टाकतं. ज्या आई-बाबांनी कधी गेम खेळलेला नाही त्यांचंही डिट्टो असंच होतं, आपल्या लहानपणी टीव्हीला लावायच्या त्या कॅसेटवाल्या गेममध्ये उजवी काडी होती कुठे! म्हणून सुरुवातीला असेच गेम निवडा ज्यात कॅमेरा आपोआप मागे येतो, म्हणजे बाजूने दिसणारे मारिओसारखे, वरून दिसणारे किंवा गाड्यांचे. माइनक्राफ्ट मुलं मागतात खरी, त्यात स्क्रीन दोन भागांत करून दोघांना खेळताही येतं, पण कॅमेरा सगळा हातानेच फिरवावा लागतो, काही मोठ्यांना तर त्याने गरगरतं, त्यामुळे तो दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात आणा.

या हिशोबाने चार ते नऊ-दहा वयाच्या मुलासाठी माझं मत सरळ निन्टेन्डो स्विच, जो टीव्हीलाही लागतो आणि हातात धरूनही खेळता येतो. त्याचे दोन्ही बाजूचे छोटे जॉयकॉन काढले की तेच दोन कंट्रोलर होतात, म्हणजे बऱ्याच गेम्ससाठी दुसरा कंट्रोलर वेगळा घ्यावाच लागत नाही, आणि मुलांच्या हातात ते मावतातही. मारिओ कार्ट ८ डिलक्समध्ये स्मार्ट स्टिअरिंग आणि आपोआप अ‍ॅक्सिलरेटर अशा दोन सोयी आहेत, त्या चालू केल्या की गाडी रस्ता सोडत नाही आणि पाच वर्षांचं मूलही शेवटपर्यंत शर्यतीत राहतं. सुपर मारिओ ब्रदर्स वंडर (२०२३ चा आहे) त्यात योशी किंवा नॅबिट हे पात्र घेतलं तर शत्रूला धडकून मार लागत नाही, खड्ड्यात पडलात तरच जातो, म्हणजे मुलाने योशी घ्यायचा, तुम्ही मारिओ. किंवा आजीला योशी द्या, आमच्याकडे तसंच चालतं आणि आजी आता स्वतःहून विचारते आज खेळायचं का. मारिओमध्ये वाचायला फार लागत नाही हाही मोठा फायदा, मराठी मिडियमच्या दुसरी-तिसरीतल्या मुलाला इंग्रजी वाक्यांचा डोंगर समोर आला की त्याचा मूड जातो.

पण स्विचमध्ये चार प्रकार आहेत तिथे सावध. लाइट स्वस्त असतो पण तो टीव्हीला लागतच नाही आणि त्याचे कंट्रोलर सुटे होत नाहीत, म्हणजे दोघांसाठी तो बाद, कितीही स्वस्त मिळाला तरी. साधा किंवा ओएलईडी स्विच चालेल, आणि जून २०२५ मध्ये आलेला स्विच २ चालेल, त्यावर जुन्या स्विचच्या बहुतेक कार्ट्रिज (गेमची छोटी कार्डं) चालतात. फक्त स्विच २ च्या काही कार्ट्रिज या गेम-की कार्ड असतात, आत गेम नसतोच, नुसती किल्ली, आणि गेम नेटवरून डाउनलोड करावा लागतो. खोक्यावर तसं लिहिलेलं असतं, गावाकडे नेट जेमतेम असेल तर बघून घ्या.

खरी अडचण अशी की निन्टेन्डो भारतात अधिकृतपणे विकलाच जात नाही. मुंबईत हिरापन्ना, पार्ल्याचं अल्फा किंवा ऑनलाइन, जिथून घ्याल तिथे तो बाहेरून आणलेला माल असतो आणि वॉरंटी त्या दुकानदाराच्या शब्दावर. त्यामुळे तीन दुकानांत भाव काढा, बिल घ्याच, आणि दुकानातच चालू करून दोन्ही जॉयकॉनच्या काड्या तपासा, कारण काडी न हलवताच पात्र आपोआप सरकायला लागतं (ड्रिफ्ट म्हणतात त्याला) ही जुन्या स्विचची प्रसिद्ध तक्रार आहे. सेकंडहँड घेताना तर हे आधी. अमेरिकेतून, दुबईहून कोणी येत असेल तर आणायला सांगा, चार्जर १०० ते २४० व्होल्टचा असतो, फक्त आपल्या भिंतीत बसणारी पिन लावायची. जपानहून कोणी आणत असेल तर मात्र फोन करून नीट सांगा, तिथे स्विच २ चं एक स्वस्त मॉडेल मिळतं ज्याची भाषा फक्त जपानी आणि अकाउंटही फक्त जपानचंच चालतं, ते घरी आलं की काही करता येत नाही. आणि भारतासाठी निन्टेन्डोचं स्वतःचं ऑनलाइन दुकान नाही म्हणून कार्ट्रिजवरच भर ठेवा, जवळपास कुठल्याही देशाची कार्ट्रिज चालते आणि खेळून झाल्यावर विकताही येते. निन्टेन्डोचे स्वतःचे गेम्स जुने झाले तरी किंमत फारशी पडत नाही, त्यामुळे विकताना पैसे बऱ्यापैकी परत येतात.

मूल दहाच्या पुढे असेल, किंवा क्रिकेट-फुटबॉलवालं असेल, तर पीएस५ चा विचार करा. एप्रिल २०२४ मध्ये त्याचं छोटं मॉडेल स्लिम इथे आलं तेव्हा डिस्कवाला ५४,९९० आणि डिजिटल (डिस्क न घालता येणारा) ४४,९९० होता, त्यानंतर भाव खाली-वर होत राहिलेत म्हणून घ्यायच्या दिवशीचा भाव बघा आणि शक्य असेल तर सेलची वाट बघा. माझं म्हणणं डिस्कवालाच घ्या. नवा गेम पाच हजाराच्या घरात जातो, डिस्क असेल तर सेकंडहँड घेता येते, मित्राशी अदलाबदल करता येते, पीएस४ च्या जुन्या डिस्कही यात बहुतेक चालतात, आणि डिजिटल गेम एकदा घेतला की तो तुमच्याच गळ्यात. खोक्यात कंट्रोलर एकच येतो हे बजेट मांडताना लोक विसरतात, दुसऱ्याचे सहा हजाराच्या आसपास धरूनच चला. घरात पीएस४ चा जुना कंट्रोलर असेल तर तो पीएस५ ला जोडता येतो पण त्यावर फक्त पीएस४ चे गेम खेळता येतात, पीएस५ चे नाही.

पीएस५ वर अ‍ॅस्ट्रोज प्लेरूम फुकट आणि आधीच घातलेला असतो, कंट्रोलर हातात बसायला त्याच्याइतकं छान काही नाही, पण तो एकेकट्याने खेळायचा, आळीपाळीने खेळा. दोघांसाठी सॅकबॉय घ्या, चार जणांपर्यंत एकत्र खेळता येतो आणि कॅमेऱ्याची कटकट नाही. इट टेक्स टू सगळे सुचवतात, तो दोघांशिवाय खेळताच येत नाही आणि खरंच सुंदर आहे, पण गोष्ट घटस्फोटाच्या उंबरठ्यावरच्या आई-बाबांची आणि त्यांच्या लेकीची आहे, मध्ये एका खेळण्यातल्या हत्तीचा प्रसंग असा आहे की लहान मूल रडेल. बारा वर्षांच्या पुढे खेळा, आणि घरात तसं काही चालू असेल तर आधी स्वतः विचार करा.

मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सीरिज एस हा तिसरा पर्याय, २०२० मध्ये ३४,९९० ला आला होता, आता स्टॉक मिळेल तसा आणि भाव दुकानाप्रमाणे. डिस्क घालायची सोयच नाही, जागा ५१२ जीबीतली साधारण ३६४ वापरायला मिळते, म्हणजे मोठे गेम चार-पाच झाले की काढ-घाल. गेम पासवर महिन्याचे पैसे भरून बरेच गेम मिळतात, ज्यांचं मूल आठवड्याला नवीन काहीतरी मागतं त्यांना परवडतं, पण महिना भरणं थांबलं की ते गेमही गेले. जुन्या एक्सबॉक्स वनचा कंट्रोलर यावर चालतो, तेवढी बचत.

बजेट वीस हजाराच्या आत असेल तर चांगल्या अवस्थेतला सेकंडहँड पीएस४ बघा, पंखा विमानासारखा ओरडत नाहीये ना आणि डिस्क आत-बाहेर नीट जातेय ना एवढं तपासून. त्या टीव्हीला लावायच्या दोन-तीन हजाराच्या दहा हजार गेम्सवाल्या गेम स्टिक मात्र नको, त्यातले गेम बहुतेक चोरून भरलेले असतात आणि बटण दाबल्यावर उडी उशिरा बसते, मूल दोन दिवसांत कंटाळतं.

आता एक सोय सांगते जी खूप जणांना माहीतच नाही. एक्सबॉक्स आणि पीएस५ दोन्हीवर दोन कंट्रोलर मिळून एकच खेळाडू चालवता येतो. एक्सबॉक्सवर हे कोपायलट नावाने आलं, पीएस५ वर सेटिंगमध्ये असिस्ट कंट्रोलर म्हणून आहे. म्हणजे मूल खेळतंय, अवघड उडी आली, तुम्ही तुमच्या कंट्रोलरवरून उडी मारून दिलीत आणि पुढे पुन्हा ते चालवतंय. त्याच्या हातातून कंट्रोलर हिसकावून ‘दे, मी दाखवते’ करायची वेळ येत नाही. कॅमेरावाल्या गेममध्ये तर मी कॅमेरा सांभाळते आणि लेक पात्र चालवते, अर्ध्या तासात तिला उजव्या काडीचं काम कळायला लागलं. एकट्याने खेळायचे सगळे गेम यामुळे दोघांचे होतात, त्यामुळे मोठ्या कन्सोलवर दुसरा कंट्रोलर घ्यायला हे एकच कारण पुरेसं आहे.

विजेचंही बघा. पीएस५ खेळताना दोनशे वॅटच्या आसपास खातो, घरच्या छोट्या इन्व्हर्टरवर टीव्हीसकट चालवायच्या फंदात पडू नका, चांगला स्पाइक गार्ड लावा. जिथे लाइट सारखी जाते तिथे स्विच बरा, ओएलईडीची बॅटरी कंपनीच्या म्हणण्यानुसार साडेचार ते नऊ तास आणि स्विच २ ची दोन ते साडेसहा तास, लाइट गेली तर टीव्हीवरून उचलून हातात.

वेळेचं भांडण सगळ्यांकडे होणारच म्हणून पहिल्याच दिवशी मुलाचं वेगळं चाइल्ड अकाउंट काढा, स्वतःच्या अकाउंटवर खेळायला देऊ नका. तिन्ही कंपन्यांची पालकांसाठी मोबाइल अ‍ॅप्स आहेत, वेळ ठरवता येते, वयाची मर्यादा लावता येते. पीएस५ वर मुलाच्या खर्चाची महिन्याची मर्यादा असते ती शून्यावर ठेवा. स्विचच्या अ‍ॅपमध्ये वेळ संपल्यावर नुसती सूचना द्यायची की गेम थांबवायचा हे निवडता येतं. मी सूचनाच ठेवते, कारण शर्यत संपायला दहा सेकंद असताना स्क्रीन बंद झाली की जे रडणं होतं ते अर्धा तास चालतं, त्यापेक्षा ‘ही शेवटची रेस’ हे बोलून ठरलेलं बरं. कव्हरवरचे १२, १६, १८ हे आकडे वयाचे असतात, अवघडपणाचे नाहीत. वर्गात सगळे जीटीए खेळतात असं मूल सांगेल, त्यावर १८ आहे आणि ते बरोबर आहे.

आणि वाढदिवसाला देणार असाल तर आदल्या रात्री मूल झोपल्यावर खोकं उघडून कन्सोल चालू करून ठेवा. पहिल्यांदा लावला की तो अपडेट मागतो, मग गेमचं अपडेट, मग कंट्रोलरचं, हे कित्येक जीबी होतं आणि सकाळी पाहुणे आलेले असताना मूल डाउनलोडची पट्टी बघत बसतं. अकाउंट, वेळ, खर्चाची मर्यादा सगळं रात्रीच लावा, दोन्ही कंट्रोलर चार्ज करा, एक्सबॉक्स असेल तर पेन्सिल सेल जास्तीचे आणून ठेवा, आणि मग परत खोक्यात भरून वरून कागद गुंडाळा.