मिनिएचर आणि स्पीशीज ऑर्किड: खरेदीपासून प्रदर्शनापर्यंत या चुका टाळा

मोठ्या फॅलेनॉप्सिस ऑर्किडला आठवडाभर पाणी द्यायचे राहिले तरी जाड पानांतल्या साठ्यावर ते तग धरते. लेपँथिस या इवल्याशा ऑर्किडला ही सवलत नाही. पाने नखाएवढी, मुळे बारीक, पाणी साठवायला बल्ब, म्हणजे फुगीर खोडच नाही. हवा कोरडी पडली की एका दुपारीत ते मान टाकते. साधारण 15 सेंटिमीटरच्या आत राहणारी ऑर्किड मिनिएचर म्हणून ओळखली जातात. त्यांच्या बाबतीत होणाऱ्या चुका काही वेगळ्या नसतात, मोठ्या झाडांच्या बाबतीतही त्याच होतात. पण तिथे चूक लक्षात येऊन सुधारायला महिना मिळतो, इथे जेमतेम दोन-चार दिवस.

फूल पाहून घेतले, हवामान पाहिले नाही

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. बाजारातली संकरित ऑर्किड घरातल्या हवेत चालतील अशी निवडून निवडून तयार केलेली असतात. स्पीशीज ऑर्किड, म्हणजे संकर न केलेली मूळ जात, ठरावीक उंचीवरच्या, ठरावीक पावसाच्या जंगलातले असते आणि त्याच्या सवयी तिथल्याच राहतात. मास्डेव्हालिया आणि ड्रॅक्युलाच्या बहुतेक जाती अँडीज पर्वतातल्या धुक्याच्या जंगलांतल्या. त्यांना रात्री 10 ते 13 अंश सेल्सियसचा गारवा मानवतो. रात्रीही उकाडा राहिला तर पाने गळू लागतात आणि मग कितीही पाणी शिंपडले तरी उपयोग होत नाही.

नुसते वंशाचे (जीनसचे) नाव वाचूनही भागत नाही. डेन्ड्रोबियम कथबर्टसोनी हे न्यू गिनीच्या उंच डोंगरांवरचे इवलेसे झाड, त्याला बारा महिने गारवा आणि ओलावा लागतो. डेन्ड्रोबियम लॉडिजेसीला मात्र थंडीत कोरडी विश्रांती हवी. त्या दिवसांत पाणी आणि खत चालूच ठेवले तर फुलांच्या जागी पिल्ले (खोडावर फुटणारी छोटी रोपे) येतात, आणि मग ‘झाड छान वाढतेय, पण फुलत नाही’ अशी तक्रार सुरू होते. फॅलेनॉप्सिस लॉबी कोरड्या ऋतूत पाने टाकू शकते. तेव्हा त्याची चपटी हिरवी मुळेच अन्न तयार करत असतात, पण मेले समजून लोक ते फेकून देतात.

झाड घेण्याआधी तीन गोष्टी विचारा: मूळ ठिकाण समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहे, तिथे कोरडा ऋतू असतो का, आणि रात्रीचे तापमान कितीपर्यंत उतरते. उत्तरे आपल्या जागेशी जुळत नसतील तर ते झाड घेऊ नका. मास्डेव्हालियाच हवे असेल तर इन्फ्राक्टासारखी, उष्णता जरा जास्त सोसणारी जात शोधा. जागेला साजेसे झाड निवडणे यात तडजोड काहीच नाही. माझ्या मते या छंदातले निम्मे कौशल्य तेच आहे.

याच टप्प्यावर आणखी एक गोष्ट पाहायलाच हवी: झाड जंगलातून उपटून आणलेले तर नाही ना? तुटकी जुनी मुळे, पानांवर शेवाळ आणि किड्यांनी कुरतडल्याच्या खुणा दिसल्या तर संशय घ्या. वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘सायटिस’ या आंतरराष्ट्रीय करारात बहुतेक सर्व ऑर्किड परिशिष्ट 2 मध्ये आहेत. पॅफिओपेडिलम आणि फ्रॅग्मिपेडियम हे दोन वंश तर आणखी कडक अशा परिशिष्ट 1 मध्ये. पॅफिओपेडिलम व्हिएतनामेन्सचे शास्त्रीय वर्णन 1999 मध्ये प्रसिद्ध झाले आणि काही वर्षांतच त्याचे मूळ रान संग्राहकांनी ओरबाडून नेले. स्पीशीजवर प्रेम असेल तर बियांपासून प्रयोगशाळेत वाढवलेलीच रोपे घ्या. ती रुजतातही लवकर.

मुळांकडे पाहणे राहून जाते

पाणी किती दिवसांनी द्यायचे, हा प्रश्नच चुकीचा आहे. मुळे पाहा. ऑर्किडच्या मुळावर स्पंजासारखे आवरण असते. कोरडे असताना ते रुपेरी दिसते, पाणी पडताच काही क्षणांत हिरवे होते. मुळाचे टोक चकचकीत हिरवे किंवा लालसर असेल तर मूळ वाढते आहे. पांढरे आवरण टोकापर्यंत पोचले असेल तर वाढ थांबली आहे. मूळ तपकिरी, पोकळ झाले आणि चिमटीत धरल्यावर साल निघून नुसता दोरा हाती आला, तर ते मेले. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे, आणि पान सुरकुतण्याच्या कितीतरी आधी धोका सांगून जाते.

पान सुरकुतले की पाणी वाढवणे हा पुढचा घोटाळा. मुळे कुजली असली तरी पान तसेच सुरकुतते, आणि मग जादा पाण्याने उरलीसुरली मुळेही जातात. मिनिएचरसाठी कुंडी मुळांच्या पसाऱ्यापेक्षा जेमतेम मोठी घ्यावी. मोठ्या कुंडीतले स्फॅग्नम मॉस (कुंडीत भरायचे वाळवलेले शेवाळ) मधोमध ओलेच राहते, दाबून भरलेले तर आणखीच. मॉस दरवर्षी बदला. मास्डेव्हालियाच्या पानांची टोके काळी पडत असतील तर आधी क्षारांचा संशय घ्या: पावसाचे किंवा आरओचे पाणी वापरा, खत पाकिटावर लिहिल्याच्या पाव भाग द्या.

लाकडावर किंवा सालीवर बांधलेल्या झाडांचे उलटे असते, ती काही तासांत सुकतात. नवी मुळे फुटू लागली असतील तेव्हाच बांधा आणि झाड हलणार नाही असे घट्ट बांधा. हलत राहिले तर नवी टोके घासून मरतात.

काचेच्या पेटीत आर्द्रता सांभाळता येते, पण हवा कोंडली की बुरशी धरते. लहान पंखा हवाच.

मुळांची टोके रातोरात नाहीशी होत असतील तर मॉसमधल्या बारीक गोगलगायी शोधा. संध्याकाळी बटाट्याची चकती ठेवली की रात्री त्या तिथे जमतात.

कात्री आणि वाटणी

कापायच्या आधी जात नीट ओळखा. मास्डेव्हालिया तोव्हारेन्सिसच्या जुन्या हिरव्या दांड्यावर पुढच्या वर्षी पुन्हा फुले येतात, ती नीटनेटकेपणाच्या नादात जातात. प्रत्येक झाडाला नवे ब्लेड घ्या किंवा पाते ज्योतीवर तापवा. सिम्बिडियम मोझॅक आणि ओडॉन्टोग्लॉसम रिंगस्पॉट हे विषाणू पात्यावरून पसरतात आणि त्यांच्यावर औषध नाही.

झाड जरा भरले की दोन-तीन तुकडे करण्याचा मोहही आवरा. अमेरिकन ऑर्किड सोसायटीच्या परीक्षणात फुलाच्या गुणवत्तेचे पुरस्कार वेगळे आणि जोपासनेचे वेगळे असतात. जोपासनेत 80 ते 89 गुणांना एक पुरस्कार, 90 आणि त्यावर त्याहून वरचा. एक सेंटिमीटरच्या फुलांचे झाड तिथे भाव खाते ते गच्च भरलेल्या, एकसंध गड्ड्यामुळे. तो गड्डा व्हायला वर्षे लागतात.

प्रदर्शनाची तयारी आदल्या दिवशी

तोवर उशीर झालेला असतो. कळ्या प्रकाशाच्या दिशेने वळून स्थिर होतात. मध्येच कुंडी फिरवली तर त्या पुन्हा वळू पाहतात आणि अर्धी फुले एकीकडे, अर्धी दुसरीकडे तोंड करून उमलतात. दांडा दिसताच कुंडीच्या प्रकाशाकडील बाजूवर खडूने खूण करा आणि पाणी दिल्यावर कुंडी त्याच दिशेला ठेवा. आधाराची काडी लावायचीच असेल तर कळ्या उमलण्याआधी लावा. पण ज्या जातीचा दांडा मुळातच झुकतो, त्याला सरळ उभे करू नका. ड्रॅक्युलाची फुले तर खाली लोंबतात, म्हणून ते जाळीच्या टोपलीतच वाढवावे लागते.

पानांवर चमक आणणारे फवारे नकोत. पाण्याचे पांढरे डाग पातळ लिंबूपाण्यात भिजवलेल्या मऊ कापडाने निघतात. खोडावरची वाळलेली आवरणे चिमट्याने काढा. उमललेल्या फुलांवर पाणी पडू देऊ नका, बुरशीचे ठिपके उठतात. नेताना गाडीत पिकलेली फळे ठेवू नका, त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलिनने फुले कोमेजतात आणि कळ्या गळतात.

लेबलवर अंदाजाने नाव लिहू नका. नावे बदलतात हेही लक्षात ठेवा: निओफिनेशिया फाल्काटा आता व्हँडा फाल्काटा झाले, हॅरेला रेट्रोकॅला हे गॅस्ट्रोचिलसमध्ये गेले. आजचे नाव आणि शेजारी जुने, असे दोन्ही लिहिले की घोळ होत नाही.

प्रदर्शनात झाडे शेजारी शेजारी मांडलेली असतात, कीडही तशीच फिरते. परत आल्यावर झाड थेट जुन्या जागी ठेवू नका. दोन-तीन आठवडे वेगळे ठेवा आणि पानांची खालची बाजू भिंगातून पाहत राहा. लाल कोळी ही बारीक कीड तिथेच आधी सापडते.